दीनानाथाचा मायना

(बऱ्हाणपूर येथील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. छपाईसाठी काही ठिकाणी आटोपते घेतले आहे.)



माझे आजोबा या गावात अर्जनवीस होते. तहसील कचेरीच्या आवारात एका निंबाखाली त्यांची बैठक असे. सतरंजीचा तुकडा, उतरत्या झाकणाची लाकडी पेटी, दौत, टाक आणि शाई सुकवायला बारीक वाळूची डबी, एवढाच पसारा. तेव्हा बऱ्हाणपूर निमाड जिल्ह्यात, निमाड मध्यप्रांतात आणि मध्यप्रांताची राजधानी नागपुरात. अर्जदार बोलणार निमाडीत किंवा खानदेशी वळणाच्या मराठीत, लिहायचे हिंदीत नाहीतर उर्दूत, आणि वरचा साहेब वाचणार इंग्रजी तर्जुमा. या सगळ्या घोळात कागदाच्या माथ्यावरची पहिली ओळ मात्र कधी बदलत नसे. गरीबपरवर सलामत. समोरचा साहेब गरिबाला पोसणारा असो की पिळणारा, मायना तोच.

मी शाळकरी असताना त्यांना विचारले होते, "आजोबा, साहेब वाईट असला तरी त्याला गरीबपरवर म्हणायचं?" ते म्हणाले, "वाईट असला तर दोनदा म्हणायचं. मायना वाचून त्याला लाज वाटली पाहिजे. लाज वाटली की निम्मा अर्ज मंजूर."

त्यांच्या मते अर्जाचे भाग तीन. मायना, मजकूर आणि मागणी. मजकुरात माणूस रडतो, मागणीत हात पुढे करतो, पण समोरच्याला बांधून घेतो तो मायन्यात. हे शिक्षण मला कचेरीच्या आवारात मिळाले. त्याच घरात संध्याकाळी दिवा लावताना आजी एकच शब्द उच्चारत असे, "दीनानाथा." पुढे काही नाही. ना मजकूर, ना मागणी. या दोघांचे काम एकच होते हे कळायला मला पन्नास वर्षे लागली.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी मला मराठी शिकवले. त्यांना देव या विषयावरची व्याख्याने आवडत नसत. "देवावर बोलणाऱ्याला वेळेचं भान राहत नाही," असे ते म्हणत. मी घड्याळ समोर ठेवले आहे. आणि विषयही देव असा घेतलेला नाही. आपण देवाला दीनानाथ, अनाथबंधू, गरीबनवाज म्हणतो तेव्हा नेमके काय करत असतो, एवढाच माझा विषय आहे.

आधी शब्द. आपल्या गावाचे नावच एका गरिबाचे आहे. शेख बुऱ्हानुद्दीन यांच्या नावापुढे 'गरीब' लावतात. ते दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य. महंमद तुघलकाने दिल्लीची मंडळी दौलताबादेला हलवली त्या उलथापालथीच्या काळात ते दक्षिणेत आले, १३३७ साली वारले आणि खुलताबादेत त्यांना मूठमाती मिळाली. पुढे साठेक वर्षांनी नासिरखान फारुकीने तापीकाठी शहर वसवले त्याला त्यांचे नाव दिले, आणि नदीपलीकडच्या वस्तीला त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांचे. म्हणून इकडे बऱ्हाणपूर आणि तिकडे जैनाबाद. तापी गुरुशिष्यांच्या मधून वाहते.

अरबीत गरीब म्हणजे परका, आपले घर सोडून दुसऱ्या मुलखात आलेला. ज्याच्याकडे पैसा नाही तो गरीब, हा अर्थ फारसी-हिंदुस्थानीच्या वाटेने नंतर रुळला. ज्याला ओळखणारे कोणी नाही, ज्याच्यासाठी कोणी शब्द टाकणार नाही, असा मूळ अर्थ. आपला 'अनाथ' याच्या जवळचा आहे. त्यालाही धनी नाही, पाठीशी कोणी उभे नाही. पैशाची गोष्ट दोन्ही शब्दांत मागाहून येते. कचेरीच्या पायरीवर बसलेल्या माणसाकडे एकदा पाहिले की हे कळते. त्याच्या खिशात चार रुपये असतातही, पण आत कोणाला भेटायचे हे त्याला ठाऊक नसते.

'दीनानाथ' या शब्दाचीही गंमत आहे. साध्या समासाने तो 'दीननाथ' व्हायला हवा. लोकांनी मधला लांब 'ना' सोडला नाही, कारण हाक मारायला तोच सोयीचा. ओट्यावरून हाक मारून पाहा. दीननाथ घरातल्या घरात विरतो, दीनानाथ गल्लीच्या टोकापर्यंत जातो.

आणि 'नवाज'. फारसीत त्याचा अर्थ गोंजारणारा, मायेने जवळ घेणारा. गरीबनवाज म्हणजे परक्याला कुरवाळणारा. आपल्या मराठीतले 'नावाजणे' याच कुळातले. मराठी कानाला त्यात 'नाव' ऐकू येते आणि आपण त्याचा अर्थ स्तुती करणे असा घेतो. म्हणजे एका भाषेत जे क्रियापद मोठ्याने लहानाला जवळ घेण्याचे होते, ते आपल्याकडे येऊन लहानाने मोठ्याची वाहवा करण्याचे झाले. माझे आजचे सगळे व्याख्यान या उलटण्याबद्दल आहे असे म्हटले तरी चालेल.

गुरुजी आम्हा मुलांना शाळेतून जामा मशिदीत नेत. आज वर्ग घेऊन मशिदीत जायचे म्हटले तर किती परवानग्या लागतील, कोण जाणे. तेव्हा लागत नव्हत्या. राजा अलीखान फारुकीने सोळाव्या शतकाच्या शेवटी बांधलेल्या त्या मशिदीत आत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेखही कोरलेला आहे. संवत १६४६, शके १५११. आरंभी सृष्टिकर्त्याला वंदन आहे. तो अव्यक्त, सर्वव्यापी, नित्य, गुणांच्या पलीकडचा. पुढे फारुकींची वंशावळ, आणि मग तिथी, नक्षत्र, घटका यांचा असा काटेकोर तपशील की लग्नपत्रिकेलाही लाजवेल. मशिदीच्या भिंतीवर नागरी अक्षरांत पंचांग पाहून आम्ही मुले हरखून जायचो. त्याच मशिदीत, अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला त्याची फारसी नोंदही आहे.

गुरुजींना त्या संस्कृत लेखाचा अभिमान होता आणि तो योग्यच होता. दोन धर्मांच्या माणसांना मान तुकवता येईल असा देव शोधताना कोणा पंडिताने सगळे भांडणाचे गुण काढून टाकले आणि जे उरले ते दगडावर लिहिले. मला मात्र मोठेपणी एक गोष्ट खटकत राहिली. त्या देवाला हात नाहीत. अव्यक्ताच्या नावे अर्ज लिहिता येत नाही. गुणांच्या पलीकडे गेलेल्याला दयाळू म्हणायचे कसे? राजाला असा देव परवडतो. दळण घेऊन बसलेल्या बाईला परवडत नाही.

ती बाई म्हणजे जनाबाई. गंगाखेडची पोर, पंढरपुरात दामाशेटींच्या घरी दासी म्हणून वाढली. तिचा देव तिच्याबरोबर जात्यावर बसतो, शेण्या वेचतो, केस विंचरतो. हे आपण भोळ्या भक्तीचे कौतुक म्हणून ऐकतो आणि पुढे जातो. जरा थांबून पाहा. दरबारातला गरीबनवाज देतो. वरून खाली देतो, आणि देताना त्याचे कपडे स्वच्छ राहतात. मराठी संतांच्या गोष्टींतला देव फार क्वचित देतो. तो राबतो. सावत्याच्या मळ्यात खुरपतो, गोरोबाच्या घरी मडकी घडवतो, एकनाथांच्या वाड्यात श्रीखंड्या होऊन पाणी भरतो, चोखोबाबरोबर मेलेली ढोरे ओढतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे उपाशी लोकांना उघडून दिली, आणि बिदरच्या दरबारात त्याचा पैसा भरायला विठू महार आला. देवाने घ्यायला ब्राह्मणाचे, सावकाराचे, सरदाराचे रूप होते की! गोष्ट रचणाऱ्या समाजाने त्याला महाराचे रूप दिले, खांद्यावर घोंगडी दिली. चमत्कार बाजूला ठेवा. गरिबाचा कैवारी कसा दिसावा, याविषयी या लोकांचा विचार किती पक्का होता ते पाहा. तो गरिबासारखाच दिसला पाहिजे.

आता आपल्या गावात परत येतो, कारण इथे माणसांनी हा मायना स्वतःच्या नावे घेऊन पाहिला आहे.

अब्दुर्रहीम खानखानान इथे सुभेदार होता. हिंदी जगताला तो दोह्यांचा रहीम म्हणून ठाऊक. त्याच्या एका दोह्याचा भाव असा की गरिबाची नजर साऱ्यांकडे लागलेली असते, गरिबाकडे मात्र कोणी पाहत नाही, आणि जो पाहील तो दीनबंधूसारखा होईल. दोहे लिहिणारे पुष्कळ असतात. रहीमच्या काळात, १६१५ च्या सुमारास, इथे कुंडी भंडारा बांधला गेला. बाहेरच्यांना ताजमहाल ठाऊक असतो आणि आपल्याला मावा जिलेबी, पण या गावची खरी शान कुंडी भंडारा. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने, एका विहिरीतून दुसऱ्या विहिरीत, निव्वळ उताराच्या जोरावर शहराकडे येते. मोट नाही, बैल नाही, रहाट नाही. इराणातल्या कनातीची ही विद्या, आणि तब्कुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने ती इथे उतरवली असे सांगतात. अशा आठ योजना शहरासाठी होत्या. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत या भंडाऱ्याचे नाव गेले. कुंड्यांच्या भिंतींवर चुन्याचे थर चढून वाट अरुंद होते आहे, हे मात्र यादीत नाव गेल्याने थांबणार नाही.

मला त्यात काय दिसते ते सांगतो. पाणी कोणी दिले हे त्या पाण्याकडे पाहून कळत नाही. ज्याच्या दारात ते येते त्याला कोणापुढे वाकावे लागत नाही. रहीम दान देताना मान खाली घालत असे, अशी आख्यायिका आहे. देणारा दुसराच कोणी असताना लोक आपल्याला दाता समजतात याची लाज वाटते, हे त्यामागचे कारण. आख्यायिका खरी असो नसो, जमिनीखालून दिलेले पाणी त्या आख्यायिकेशी जुळते. याच रहीमचा मुलगा शाहनवाजखान १६१९ मध्ये वारला. उतावळी नदीकाठी त्याचा मकबरा आहे. पुढे रहीमच्या दुसऱ्या मुलाचे, दाराबखानाचे, कापलेले शिर म्हाताऱ्या बापाकडे पाठवले गेले. रक्षण करणाऱ्याचे रक्षण कोणी केले नाही.

त्यानंतरची गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण ती या गावात घडली आणि या गावात ती फारशी सांगितली जात नाही. आहुखान्याची गोष्ट आपण सांगतो. १७ जून १६३१ रोजी मुमताजमहल इथे बाळंतपणात गेली, जैनाबादेतल्या आहुखान्यात तिला सहा महिने ठेवले आणि मग आग्र्याला नेले. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आपण हे ऐकवतो. त्याच दिवसांत या शहराभोवती माणसे किड्यामुंग्यांसारखी मरत होती.

१६३० ते १६३२ चा दुष्काळ. गुजरात, खानदेश, दख्खन, सगळीकडे. शाहजहान बादशहा खानजहान लोदीच्या बंडामुळे आणि निजामशाहीवरच्या मोहिमेमुळे बऱ्हाणपुरात तळ ठोकून होता. म्हणजे दुष्काळाच्या तोंडाशी एक सबंध लष्कर, हत्ती-घोडे आणि बाजारबुणगे धान्य खात बसलेले. पीटर मंडी नावाचा इंग्रज कंपनीचा माणूस नोव्हेंबर १६३० मध्ये सुरतेहून आग्र्याकडे निघाला. नंदुरबारपर्यंतच्या रस्त्यावर प्रेते पसरलेली दिसली, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे तो याच आपल्या रस्त्याने गेला. आणि तो परका होता म्हणून त्याने वाढवून लिहिले म्हणावे, तर बादशहाचा स्वतःचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो की कुत्र्याचे मांस विकले गेले आणि मेलेल्यांच्या हाडांचे पीठ कणकेत मिसळले गेले. दरबारी बखरकाराने हे लिहावे, यावरून काय ते समजावे.

बादशहाने काय केले तेही लाहोरी सांगतो. बऱ्हाणपूर, अहमदाबाद, सुरत या भागांत लंगर उघडले. बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांना वाटायचे ठरले, सोमवार हा बादशहाच्या राज्यारोहणाचा वार म्हणून. वीस आठवड्यांत एक लाख वाटले. अहमदाबादेस आणखी पन्नास हजार. खालसा मुलखातला सत्तर लाखांच्या घरातला सारा माफ केला.

मला यावर घाईने टीका करायची नाही. उपाशी माणसाला त्या सोमवारी मिळालेला रुपया खराच होता. त्या काळच्या किती राजांनी एवढे तरी केले? पण हिशेब अर्जनवीसाच्या नातवाच्या डोळ्यांना दिसतोच. सारा माफ झाला तो बहुतेक अशा गावांचा, जिथे भरायला माणूसच उरला नव्हता. आणि याच वर्षांत घडत असलेले मयूरासन १६३५ मध्ये पुरे झाले तेव्हा त्याचा खर्च, पुन्हा लाहोरीच्याच शब्दाने, एक कोटी होता. गरिबांना लाख, सिंहासनाला कोटी. दान राज्यारोहणाच्या वारी दिले म्हणजे घेणाऱ्याने भाकरीबरोबर बादशहाचे नावही गिळायचे. गरीबनवाज हा मायना माणसाने स्वतःसाठी घेतला की असे होते. ज्याला जवळ घ्यायचे तो बाजूला राहतो आणि नावाजणे तेवढे उरते.

त्याच दुष्काळात, इथून दूर देहूला, एका वाण्याचे दुकान बुडाले. बायको अन्न अन्न करत गेली, पाठोपाठ मुलगा गेला. तुकारामाच्या घरावरून गेलेला दुष्काळ आणि आपल्या गावावरून गेलेला दुष्काळ एकच, हे मला फार उशिरा उमगले. शाळेत एक इतिहासाच्या तासाला शिकवला होता आणि दुसरा मराठीच्या.

तुकारामाने काय केले? लोकांकडून येणे असलेली सावकारीची खते होती. धाकटा भाऊ कान्होबा याचा अर्धा वाटा त्याला दिला आणि आपला अर्धा इंद्रायणीत बुडवला. महिपतीने ही हकिकत सांगितली आहे. दुष्काळाने मोडलेल्या कुळांना याहून मोठी माफी कोणती? सत्तर लाखांची नव्हती, पण तिच्यावर कोणाचा वार नव्हता. मात्र एक येणे त्याने बुडवले नाही. देवाकडची बाकी. आयुष्यभर हा माणूस विठ्ठलाच्या दारात बसून तगादा लावत राहिला. खत, पत, साक्ष, दिवाळे ही सगळी पेढीवरची भाषा त्याच्या अभंगांत येते, आणि दर वेळी ऋणको देव असतो. लोक म्हणतात तुकोबाने वाणीपण सोडले. मला वाटते त्याने फक्त कूळ बदलले.

या तगाद्याला आपल्याकडे एक शब्द आहे, ब्रीद. देवाची ब्रीदे. दीनांचा नाथ, पतितपावन, अनाथांची माउली. मूळ शब्द 'बिरुद'. राजे-सरदारांच्या पदव्या, भाट मिरवणुकीत ओरडतात त्या. भक्तांनी त्या उचलल्या आणि देवाच्या पायांत बांधल्या. ब्रीदाचा तोडर पायात असतो, चालताना वाजतो आणि मिरवणाऱ्याला गप्प चालता येत नाही. नामदेवापासून तुकारामापर्यंत सगळ्यांचे भांडण या एका मुद्द्यावर येऊन ठेपते: ब्रीद सांभाळायचे नसेल तर उतरवून ठेव. स्तुती आणि धमकी एकाच वाक्यात बसवण्याची ही कला मला दुसऱ्या कुठल्या भाषेत इतकी सहज दिसलेली नाही. माझे वाचन तोकडे आहे, हेही मान्य.

पण भक्तांनीच हे केले असे नाही. १६८१ च्या आरंभी संभाजीराजांच्या फौजेने बऱ्हाणपूरचा बहादूरपुरा लुटला. आपण मराठी माणसे ही लूट पराक्रमाच्या पानावर वाचतो. इथल्या घरांत ती दुसऱ्या पानावर आहे, आणि इथे उभे राहून मला दोन्ही पाने वाचावी लागतात. त्या वेळी शहरातल्या उलेमांनी औरंगजेबाला कळवले की आमचे रक्षण होत नसेल तर आम्ही जुम्म्याची नमाज बंद करू. खाफीखानाने हे नोंदवले आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बऱ्हाणपुरात येऊन दाखल झाला. त्या नमाजीत ज्याच्या नावाने खुतबा वाचायचा त्याने रक्षण केले नाही तर खुतबाच कशाला? मायना मागे घेण्याची धमकी. तुकोबाच्या धमकीहून वेगळी कुठे आहे? फरक इतकाच की बादशहा आला तो फौज घेऊन आला, आणि पुढची पंचवीस वर्षे दख्खनेतल्या गरिबांनी त्या येण्याची किंमत मोजली.

आता एक अडचणीची गोष्ट. चोखोबा. त्याने देवाला कोणत्या नावाने हाक मारली नाही? आणि तो उभा कुठे होता? पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर. मंगळवेढ्यात गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून, १३३८ साली, इतर मजुरांबरोबर तो चिरडला गेला. त्याची समाधी नामदेवाच्या पायरीसमोर आहे, म्हणजे मेल्यावरही बाहेरच. दीनानाथाचे घर आणि दीन बाहेर, हा अर्ज सहाशे वर्षे पडून राहिला. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, पाच वर्षे चालला, आणि दार उघडले नाही. शेवटी ज्यांनी तो अर्ज फाडून टाकला आणि दुसरी वाट धरली, त्यांना कृतघ्न म्हणण्याचा अधिकार दार लावून घेणाऱ्यांना नव्हता. पंढरपुरात १ मे १९४७ ला साने गुरुजी उपोषणाला बसले. अमळनेरचा शिक्षक, आपल्या खानदेशचा. दहाव्या दिवशी मंदिर खुले करण्याचा निर्णय झाला. मी नेहमी विचार करतो की त्या दहा दिवसांत सोडवला कोण गेला? मला वाटते, विठ्ठल. इतकी शतके पायात ब्रीद बांधून कोंडलेला होता बिचारा.

इथे कोणी उठून म्हणेल की अहो, देवच नाही, तर ब्रीद कोणाचे? या प्रश्नासाठीही गावाबाहेर जायला नको. आपल्या नागझिरीला कबीरपंथाची गादी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे पूरणसाहेबांनी कबीराच्या बीजकावर 'त्रिज्या' ही टीका लिहिली. या पारख परंपरेत जगाचा कर्ता, तारणारा असा बाहेरचा ईश्वर मानत नाहीत. जीवाने आपली पारख करावी आणि जीवांवर दया करावी. जामा मशिदीतल्या लेखाचा देव हात नसलेला, आणि नागझिरीला तर देवही नाही, नुसते हातच आहेत! आमच्या गुरुजींचे तिथे बरेच जाणे-येणे होते. एकदा मी त्यांना छेडले, "गुरुजी, तुम्ही वारकरी घरातले, तिकडे कसे?" ते म्हणाले, "तिथे कोणाच्या नावावर ढकलता येत नाही." मी हे उत्तर पूर्ण पटवून घेतलेले नाही. ज्याच्या हातात काहीच नाही अशा माणसाला 'स्वतःची पारख कर' म्हणणे सोपे नसते. त्याला हाक मारायला कोणी तरी लागते. पण ज्याच्या हातात काही आहे त्याने नागझिरीला जरूर एक चक्कर मारावी.

आणि तिथून बडी संगत गुरुद्वाऱ्यात. १७०८ साली गुरू गोविंदसिंग नांदेडला जाताना बऱ्हाणपुरात थांबले होते. शिखांच्या ग्रंथात आपल्या नामदेवाची पदे आहेत, आणि रविदासांच्या वाणीत देवाला गरीबनवाज म्हटले आहे, चामड्याचे काम करणाऱ्या माणसाने, राजाला नव्हे. तिथल्या लंगरात मी जेवलो आहे. शेजारी लूमवरचा कामगार होता, कापसाचे तंतू त्याच्या भुवयांवर तसेच होते. समोर केळीच्या घडांची गाडी भरून आलेले दोघे, बोलण्यावरून पहाडातले वाटले. कोणाला वार विचारला नाही. पोळी दोन्ही हात पुढे करून घ्यायची असते. मी सवयीने एक हात पुढे केला तर वाढणाऱ्या पोराने हसून दुसऱ्याकडे बोट दाखवले.

घड्याळ पुढे गेले आहे, म्हणून आजोबांच्या निंबाखाली जाऊन थांबतो.

त्यांनी म्हातारपणी ही गोष्ट मला अनेकदा सांगितली. रावेरच्या बाजूची एक विधवा त्यांच्याकडे आली. नवऱ्याच्या नावची दोन एकर जमीन दिराने दाबली होती. पैसे नव्हते, पदरात शेंगा होत्या. आजोबांनी कागद घेतला, वर 'गरीबपरवर सलामत' लिहिले आणि वाळू टाकली. तिने विचारले, "हे काय लिव्हलं?" त्यांनी अर्थ सांगितला. साहेब, तुम्ही गरिबांना पोसणारे आहात, असं लिहिलंय.

ती जरा वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "एवढं त्याला ठाऊक असंल तर खाली आणखी काय लिहायचं राह्यलं?"

आजोबांना उत्तर सुचले नाही. त्यांनी पेटीचे झाकण सरळ केले, तिला जमिनीचा गट विचारला, नवऱ्याचे नाव विचारले, दिराचे विचारले, आणि मजकूर लिहायला घेतला. दोन पाने झाला. शेंगा, ते सांगत, भाजून संध्याकाळी सगळ्यांनी खाल्ल्या.